वेताळ आला नाही

प्रथम सूनबाई एकट्याच आत आल्या आणि त्यांनी दार लोटून घेतले. सासरे बाहेर बाकावर बसलेले होते. "डॉक्टर, बाबांना माणसे दिसतात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. त्यांना कळले तेही योगायोगाने. जेवणघराकडे जाताना सासरे मध्येच थबकत आणि कोणाला वाट द्यावी तसे भिंतीकडे सरकत. दोन-तीनदा असे पाहिल्यावर त्यांनी खोदून विचारले, तेव्हा कुठे त्यांच्या तोंडून निघाले की हा प्रकार तीन महिन्यांपासून चालू आहे.

तीन महिने ते गप्प का राहिले, याचे कारण त्यांनी मला पुढे सांगितले. पेन्शनच्या खात्यावर त्यांची स्वतःची सही चालते. माणसे दिसतात असे म्हटले की वेड लागले असे ठरेल, आणि वेड ठरले की सही जाईल. एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाने घातलेला हा हिशेब मला मुळीच वेडेपणाचा वाटला नाही. दरम्यान घरात बातमी फुटलीच होती. एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी 'बाहेरचे आहे' म्हणून नारळ उतरवून टाकायला सांगितले, तर दुसऱ्या एकाने ओळखीच्या दुकानातून 'डोके शांत करणारी' गोळी आणून ठेवली. सूनबाईंनी नारळही उतरवला नाही आणि गोळीही दिली नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

काका आत आले. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये त्यांनी सारे आयुष्य छपाई तपासण्यात घालवले. भिंगाखाली रेघ न् रेघ पाहण्याची त्यांची सवय. इंदिरानगरातले घर निवृत्तीच्या जरा आधी घेतलेले. मी त्यांना काय दिसते हे न विचारता "काका, कोण कोण येते?" असे विचारले. ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि मग हसले.

"चांदोबातली माणसे येतात," ते म्हणाले.

ज्या वाचकांचे बालपण १९५२ नंतरचे आहे त्यांना याहून अधिक सांगायला नको. १९४७ च्या जुलैत मद्रासहून बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी तेलुगू व तमिळ भाषांत 'चंदामामा' सुरू केला. पुढे 'मायाबाजार' हा चित्रपट काढणारी जोडी ती हीच. मराठीत 'चांदोबा' आला १९५२ साली. तेव्हा काका आठ वर्षांचे होते. मी तो वाचला सत्तरच्या दशकात, केशकर्तनालयातल्या बाकावर, आपला क्रमांक उशिरा यावा अशी प्रार्थना करीत. राजे, प्रधान, यक्ष, ब्रह्मराक्षस, मांत्रिक, सावकाराची चतुर मुलगी, दरिद्री ब्राह्मण, दयाळू चोर. त्या जगातले राक्षससुद्धा बहुधा क्रूर नसत. धिप्पाड आणि थोडे भोळे असत. अंकाखाली 'चित्रा' किंवा 'शंकर' अशी चिमुकली सही असलेली चित्रे कथेइतकीच मनात रुतून बसत. खांद्यावर प्रेत आणि हातात नंगी तलवार घेऊन स्मशानातून चाललेला विक्रम ज्यांनी काढला ते शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन, २०२० साली वारले. त्या दिवशी माझ्या दवाखान्यात निदान चार रुग्णांनी तो विषय काढला होता, आणि चौघेही सत्तरीपुढचे.

काकांच्या घरी येणारी मंडळी वीतभर उंचीची. कपाटाच्या कडेवर रांगेने बसतात. डोक्यावर मुकुट, कानांत कुंडले, काठाची धोतरे. एक बुटका मनुष्य छत्री घेऊन उभा असतो. सारे काही रेखीव, "अगदी पहिल्या प्रतीची छपाई" असे ते म्हणाले. गंमत अशी की समोर बसलेल्या माझा चेहरा त्यांना धड दिसत नव्हता. भिंतीवरचे घड्याळ दिसत होते, पण काटे नाही. प्रत्यक्ष जग धूसर आणि ही माणसे मात्र स्पष्ट.

मी सहज विचारले, "आणि वेताळ?"

"वेताळ आला नाही," काका म्हणाले. "तो बोलणारा. ही सगळी मुकी आहेत. काही सांगत नाहीत, काही विचारत नाहीत. माझ्याकडे बघतही नाहीत. आणि डॉक्टर, ती खरी नाहीत हे मला माहीत आहे. सवयीने वाट देतो, इतकेच."

या चार-पाच वाक्यांनी माझे अर्धे काम केले. वेताळ म्हणजे मुळात आवाज. सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या 'कथासरित्सागरा'त त्याच्या पंचवीस कथा आहेत. राजाचा वाटेतला शीण जावा म्हणून तो कथा सांगतो, शेवटी पेच टाकतो, आणि उत्तर ठाऊक असूनही राजा गप्प राहिला तर डोके फुटेल असे धमकावतो. मनोविकारात बहुतेक वेळा असा वेताळच असतो: कानाशी बोलणारा, हुकूम सोडणारा, दोष देणारा. काकांकडे आली होती ती फक्त चित्रे. न बोलणारी, न धमकावणारी, आणि खोटी आहेत हे पाहणाऱ्याला पक्के ठाऊक असलेली.

या अवस्थेला वैद्यकात शार्ल बोने सिंड्रोम म्हणतात. जिनिव्हातल्या शार्ल बोने या निसर्गशास्त्रज्ञाने १७६० साली आपल्या आजोबांविषयी लिहिले. आजोबा नव्वदीच्या घरात होते, मोतीबिंदूने नजर अधू झालेली, बुद्धी शाबूत. त्यांना माणसे, पक्षी, गाड्या, इमारती दिसत. आणि यांतले काही खरे नाही हे ते स्वतःच सांगत. नजर बरीच कमी झालेल्या वृद्धांमध्ये हा प्रकार दुर्मीळ नाही. त्याची वाच्यता मात्र क्वचित होते, कारण सगळ्यांनाच काकांसारखी सहीची काळजी असते.

असे का होते? डोळ्याचा पडदा किंवा मज्जातंतू क्षीण झाला की मेंदूच्या दृष्टी सांभाळणाऱ्या भागाकडे येणारा माल कमी होतो. भाग तर जिवंत आणि सवयीने कामाला बसलेला. बाहेरून काही येईना, की तो आपले आपण काही तयार करू लागतो. पाय कापलेल्या माणसाला नसलेल्या पायात कळ येते, त्यातला हा डोळ्यांचा प्रकार समजा. १९९८ साली लंडनमधील संशोधकांनी अशा रुग्णांच्या मेंदूची प्रतिमाचित्रे घेतली, तेव्हा चेहरे दिसणाऱ्यांत चेहरे ओळखणारा भाग आणि रंग दिसणाऱ्यांत रंगांचा भाग सक्रिय आढळला. म्हणजे काका बनाव करीत नव्हते. त्यांचा मेंदू खरोखर पाहत होता. वीतभर माणसे, जुन्या काळचा पोशाख, डोक्यावर काही तरी नक्षीदार, ही वर्णने जगभरच्या रुग्णांत आढळतात. नाशिकच्या माणसाला त्या पोशाखात 'चांदोबा' दिसावा हे मला स्वाभाविक वाटते. अर्थात हा माझा तर्क आहे, शास्त्राचा निष्कर्ष नव्हे.

आता माझी चूक सांगतो. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका आजींना अंगणात खेळणारी मुले दिसत. 'कोण मुले, केव्हापासून, तुम्हाला ती खरी वाटतात का' हे काहीही न विचारता मी हॅलोपेरिडॉलची लहान मात्रा लिहून दिली. चौथ्या दिवशी त्यांचे अंग लाकडासारखे ताठ झाले, घास गिळेना, आणि त्यातून उठायला त्यांना कित्येक आठवडे लागले. त्यांची चाल आधीपासून संथ होती, झोपेत त्या हातपाय झाडत, कधी अगदी तल्लख तर कधी पूर्ण हरवलेल्या असत. लेवी बॉडी नावाच्या स्मृतिभ्रंशाची ही लक्षणे आज पाहताक्षणी ओळखता येतील. त्या आजारातही माणसे आणि मुले दिसतात, आणि तिथे ही गोळी घातक ठरू शकते. म्हणून दुकानातून आणलेल्या 'डोके शांत करणाऱ्या' गोळीची मला फार भीती वाटते.

काकांच्या बाबतीत मी पुढे काय केले ते सांगतो, कारण असा प्रसंग कोणत्याही घरी येऊ शकतो. आधी विचारले की हे किती काळापासून आहे. तीन महिने, हळूहळू. हेच जर एक-दोन दिवसांत उद्भवले असते, सोबत बडबड, गुंगी, ताप, लघवीची तक्रार किंवा वेळकाळाचा विसर असता, तर ती निराळीच गोष्ट झाली असती. वृद्धांत लघवीचा जंतुसंसर्ग, छातीतला कफ, रक्तातले सोडियम घसरणे यांनीही असा एकाएकी भ्रम होतो, आणि तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे लागते. मग औषधांची पिशवी ओतून पाहिली. सर्दी-खाजेच्या जुन्या गोळ्या, लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेल्या काही गोळ्या, पार्किन्सनची औषधे, झोपेच्या गोळ्या, यांनीही माणसे दिसू शकतात. काकांच्या पिशवीत खाजेची एक जुनी गोळी निघाली. ती बंद केली, पण छत्रीवाला काही हलला नाही. स्मरणशक्तीच्या चाचणीत ते उत्तम उतरले. शंभरातून सात-सात वजा करीत ते माझ्यापेक्षा वेगाने खाली आले. रक्ततपासणी वयाच्या मानाने चांगली होती.

मग नेत्रतज्ज्ञ. एका डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू, आणि दोन्ही डोळ्यांच्या पडद्याच्या मध्यभागी वयोमानाची झीज. दाराची चौकट मध्येच वाकलेली दिसते, हे त्यांनी वर्षभर कोणाला सांगितले नव्हते. "ओळी तिरक्या छापल्यासारख्या" असे त्यांचे शब्द. इथे सर्वांना कळकळीने सांगतो: सरळ रेघ नव्याने वाकडी दिसू लागली तर चष्म्याचा नंबर काढण्याची वाट पाहू नका. काही प्रकारची झीज इंजेक्शनने रोखता येते आणि त्यात आठवडेही महत्त्वाचे असतात. काकांची झीज संथ प्रकारची निघाली, तिला इंजेक्शन नव्हते. मोतीबिंदू मात्र काढला.

घरी जाताना त्यांना औषध दिले नाही. खोलीतला दिवा बदलून जास्त उजेडाचा लावायला सांगितला, कारण ही मंडळी तिन्हीसांजेला, अर्धवट उजेडात आणि माणूस रिकामा बसलेला असताना अधिक येतात. ती आली की डोळे डावीकडून उजवीकडे पंधरा-वीस वेळा फिरवावेत, उघडझाप करावी, उठून दोन पावले चालावे, किंवा सरळ हात पुढे करून त्या जागी चाचपावे. बऱ्याच जणांत चित्र विरते. अनेकांत काळाने हा प्रकार कमी होतो, काहींत वर्षानुवर्षे राहतो. सूनबाईंना एवढेच सांगितले की "तिथे काही नाही हो" असे पुन्हापुन्हा म्हणू नका, ते त्यांनाही ठाऊक आहे. आणि त्यांचे मन राखायला "हो, मलाही दिसते" असे तर कधीच म्हणू नका. 'आज कोण आले होते' असे विचारायला हरकत नाही. मुलालाही बोलावून घेऊन सांगितले की वडिलांची बुद्धी शाबूत आहे, सही त्यांचीच राहील. ते ऐकताना काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

त्यांच्या नातीने जुने अंक मोबाइलवर मिळवले. अक्षरे काकांना दिसत नाहीत, म्हणून ती संध्याकाळी जॉगिंग ट्रॅकवरून आल्यावर मोठ्याने वाचते. दिवा लागण्याच्या त्या नेमक्या वेळी रिकामे बसणे आपोआप टळले. वेताळाने पेच टाकला की ती थांबते आणि काका राजाच्या आधी उत्तर देतात. मूळ संस्कृत कथेत शेवटच्या पेचाला राजाकडे उत्तर नसते आणि म्हणून तो गप्प राहतो, हे मी त्यांना सांगितले तेव्हा ते चक्क रागावले. 'चांदोबा'त तसे कधी झाले नाही, विक्रमाला सगळे येत होते, असे त्यांचे ठाम म्हणणे. मी वाद घातला नाही.

परवा ते रक्तदाब तपासायला आले होते. शस्त्रक्रियेनंतर कपाटावरची रांग गेली आहे. "छत्रीवाला तेवढा येतो अधूनमधून," ते म्हणाले, "दिवा लावला की जातो." रक्तदाब १३४/८० होता. मी गोळी तीच चालू ठेवली आणि पुढच्या महिन्याची तारीख लिहून दिली. चिठ्ठीवर अक्षर मोठे काढले आणि खाली सहीच्या जागी त्यांचे बोट टेकवले. सही त्यांनीच केली.