समाजशास्त्राचा पहिला पाठ कोणत्या भाषेत?

उच्च शिक्षणातील माध्यमभाषेचा वाद निघाला की तो पाहता पाहता वैद्यक आणि अभियांत्रिकीकडे वळतो. शरीरशास्त्र मराठीत शिकवता येईल काय, यंत्रशास्त्राला परिभाषा पुरेल काय, यावर तावातावाने बोलले जाते. समाजशास्त्राची आठवण कोणालाच होत नाही. वास्तविक मातृभाषेची निकड या विषयाच्या प्रारंभिक अभ्यासाला सर्वाधिक आहे. सोडियम बेळगावात आणि बोस्टनमध्ये सारखाच असतो. कुटुंब तसे नसते. समाजशास्त्राचा नवा विद्यार्थी प्रयोगशाळेत जात नाही. त्याचे घर, त्याची गल्ली आणि तेथे ऐकू येणारे बोलणे हेच त्याचे अभ्यासद्रव्य असते. ते द्रव्य एका भाषेत आणि त्याची तपासणी दुसऱ्या भाषेत, अशी फारकत झाली की विद्यार्थी व्याख्या पाठ करतो आणि घर न पाहताच उत्तीर्ण होतो.

हा प्रारंभिक अभ्यास सामान्य माणसाच्या दारापर्यंत नेण्याचा मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. शिकागोजवळील जोलिएट येथे १९०१ साली दोन वर्षांचे सार्वजनिक महाविद्यालय सुरू झाले. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाने 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ केले. आज त्या देशात अशी सुमारे एक हजार महाविद्यालये आहेत. प्रवेशाला गुणांची कडक चाळणी नाही, शुल्क विद्यापीठाच्या मानाने बरेच कमी, वर्ग सायंकाळीही भरतात. दिवसभर दुकानात राबलेला तरुण आणि मुले वाढवून पुन्हा शिकू लागलेली आई एकाच बाकावर बसतात. परिचारिका व्हायचे असो वा पुढे चार वर्षांच्या पदवीकडे जायचे असो, सर्वसाधारण शिक्षणाचा भाग म्हणून त्यांतील अनेकांच्या वाट्याला समाजशास्त्राचा पहिला अभ्यासक्रम येतो. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात याच नावाची योजना आणली, पण तिचा भर कौशल्य आणि रोजगार यांवर राहिला. नाव आले, ज्याला आपण समाजाचे शिक्षण म्हणू, ते बहुतांशी मागेच राहिले.

त्या पहिल्या अभ्यासक्रमात एक प्रयोग हमखास भेटतो. हॅरॉल्ड गार्फिंकेल या समाजशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांना सांगितले की पंधरा मिनिटांपासून तासभरापर्यंत स्वतःच्या घरात भाडेकरूसारखे वागा. विनयाने बोला, विचारल्याशिवाय बोलू नका. घरचे लोक गोंधळले, काही चिडले, काहींनी प्रकृती बरी आहे ना असे विचारले. न बोललेले नियम मोडल्यावरच दिसतात, हे त्यातून सिद्ध झाले.

मराठी घरात या प्रयोगाला पंधरा मिनिटे लागणार नाहीत; एक सर्वनाम पुरेल. ज्या आईला जन्मभर 'तू' म्हटले तिला मुलाने 'आपण चहा घेणार काय?' असे विचारून पाहावे. आणि येथेच खरा अभ्यास सुरू होतो. असंख्य घरांत आईला 'अगं' आणि वडिलांना 'अहो' का? नवरा बायकोला नावाने हाक मारतो, तिने त्याला 'अहो' म्हणावे, ही वाटणी कोणी केली? सून सासूशी कोणत्या क्रियापदाने बोलते? सत्ता, वय, लिंग आणि जवळीक यांचा सारा हिशेब या दोन-तीन सर्वनामांत नोंदलेला आहे. इंग्रजीच्या एकाच 'यू'मध्ये तो मावत नाही. इंग्रजी माध्यमातून शिकणाऱ्या आमच्या मुलाला हे कोणी दाखवीत नाही, कारण त्याच्या पुस्तकाला ते ठाऊकच नाही.

आमच्या भागाचे आणखी एक उदाहरण घ्या. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात अनेक मुली 'मी आलो', 'मी जातो' असे बोलतात. पुण्यात गेल्यावर त्यांची टिंगल होते आणि शाळेत ही चूक म्हणून खोडली जाते. समाजशास्त्राचा विद्यार्थी ती खोडणार नाही, विचारील. कन्नडमध्ये प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंगभेद नसतो. त्याचा येथे काही संबंध आहे काय? कोणत्या घरांतल्या, कोणत्या वयाच्या मुली असे बोलतात आणि शहरात गेल्यावर केव्हा थांबतात? 'शुद्ध' ठरवण्याचा अधिकार कोणाकडे असतो? एवढ्या एका क्रियापदावर सत्रभराचा अभ्यास होईल.

परिभाषेची अडचण पुढे केली जाते. अडचण आहे, पण ती शब्द नसल्याची नाही. शब्द आधीच दुसऱ्या कामाला लागलेले आहेत, ही खरी अडचण. 'समाज' हाच शब्द पाहा. पुस्तकात त्याचा अर्थ माणसांची संपूर्ण रचना. बोलण्यात 'आमचा समाज' म्हणजे आमची जात, 'समाजाचे कार्यालय' म्हणजे जातीचे कार्यालय. 'वर्ग' शाळेत भरतो, गणितात दुप्पट घातांकाने येतो, अर्थव्यवस्थेत वरिष्ठ-कनिष्ठ होतो आणि न्यायालयात तर दावाच वर्ग होतो. 'संस्था' म्हटले की आपल्याला संचालक मंडळ आठवते, विवाह नव्हे. गोव्याचा वाचक 'कम्युनिटी' ऐकेल तर त्याला कोमुनिदाद, म्हणजे गावकारीची सामाईक जमीन आठवेल. चांगल्या शिक्षकाला हे घोटाळे म्हणजे पर्वणी आहे. जातीला 'समाज' म्हणण्याची सवय आपल्याला का लागली, हा प्रश्न स्तरीकरणाच्या कोणत्याही व्याख्येपेक्षा अधिक शिकवतो.

दिवाणी न्यायालयात वाटणीचे दावे चालवणाऱ्याला 'भाऊबंदकी' या शब्दाची वेगळी ओळख होते. मुळात नात्याचे नाव. व्यवहारात त्याचा अर्थ नात्यातले भांडण असा झाला. भावकी ही रक्ताची आणि वाटेकऱ्यांची, सोयरे हे लग्नाने जोडलेले, हा भेद निरक्षर आजीलाही पक्का ठाऊक असतो. इंग्रजीतला 'कझिन' मात्र चुलत, मामे, आते आणि मावस या चौघांना एकाच पोत्यात भरतो. मामेबहिणीशी लग्न अनेक मराठी जातींत चालते, आतेबहिणीशी सहसा नाही. शेजारच्या कन्नड कुटुंबांत बहिणीच्या मुलीशीही विवाह होतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ही नाती निषिद्ध श्रेणीत घातली, पण पक्षकारांना लागू असलेल्या रूढीचा अपवाद राखला. ती रूढी सिद्ध करण्यासाठी साक्षीदाराला जी नाती सांगावी लागतात, ती त्याच्या भाषेतच सांगता येतात. इंग्रजी साक्षपत्रकात चारही भावंडे 'कझिन' झाली की दाव्याचा मुद्दाच बुडतो.

मराठीत हा विचार नव्हता असेही नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गांवगाडा' १९१५ सालचा. वतनदार, अलुते-बलुते आणि गावच्या कारभाराचे इतके बारीक वर्णन विद्यापीठात विषय रुजण्यापूर्वी झाले. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जातिसंस्थेवर संशोधन करून परतले आणि ज्ञानकोश मराठीत रचला. इरावती कर्व्यांनी भारतीय नातेव्यवस्थेवरचा आपला प्रमुख ग्रंथ इंग्रजीत लिहिला, तरी 'मराठी लोकांची संस्कृती' मराठीतच लिहिली. मालवणला जन्मलेले गो. स. घुर्ये मुंबई विद्यापीठात १९२४ पासून या विषयाचे प्रमुख होते. त्यांचे महत्त्वाचे लेखन मात्र इंग्रजीत राहिले. पुढच्या पिढ्यांनी केतकरांचा नव्हे, घुर्यांचा मार्ग धरला. त्याची किंमत विद्वानांनी दिली नाही, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने दिली.

आता कायद्याकडे येतो. राज्यघटनेतील अनुच्छेद ३५०-क मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयीविषयी बोलतो, पण प्राथमिक टप्प्यापुरताच. त्यामुळे महाविद्यालयात आपल्याला काही हक्कच नाही, असा समज सीमाभागात पसरला आहे. तो बरोबर नाही. अनुच्छेद ३० (१) भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापून चालवण्याचा अधिकार देतो आणि त्याला टप्प्याची मर्यादा नाही. १९७१ च्या डी. ए. व्ही. महाविद्यालय प्रकरणात, संलग्न महाविद्यालयांवर पंजाबी हे एकमेव माध्यम लादणारा विद्यापीठाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. अल्पसंख्य कोण हे राज्य हा घटक धरून ठरवायचे, हे २००२ च्या टी. एम. ए. पै निकालात अकरा न्यायमूर्तींनी सांगितले. अर्थात अनुदान, संलग्नता आणि परीक्षा यांची व्यवस्था उभी करणे वेगळे आणि कष्टाचे. सरकारविरुद्ध मोर्चे आपण पुष्कळ काढले; या अनुच्छेदाखाली मराठीतून पदवीचा एक विषय शिकवून दाखवावा, असे मात्र आपल्या संस्थाचालकांच्या फारसे मनात आले नाही. त्यांना इंग्रजी माध्यमाचे शुल्क अधिक प्रिय झाले. हे कटू आहे, पण लिहिणे भाग आहे.

कन्नड शिकू नये किंवा इंग्रजी टाकावी, असे मी म्हणत नाही. आमच्या मुलांना तीनही भाषा लागतील. मागणी इतकीच की समाजाकडे पाहण्याचा पहिला पाठ ज्या भाषेत समाज अनुभवला त्या भाषेत व्हावा.

त्यासाठी विद्यापीठाच्या मान्यतेची वाट पाहण्याचे कारण नाही. अमेरिकेतील राईस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स प्रकल्पाने २०१२ साली प्रारंभिक समाजशास्त्राचे पुस्तक विनामूल्य प्रसिद्ध केले. त्याचा परवाना श्रेयनिर्देश करून अनुवाद आणि फेरबदल करण्याची मुभा देतो. स्वामित्वहक्काचा अडसर नाही. नुसता अनुवाद मात्र करू नये. त्यातली अमेरिकी उदाहरणे काढून तेथे बलुतेदारी, साखर कारखाना, यल्लम्माची यात्रा, निपाणीच्या विडी कामगार स्त्रिया आणि इंदूर-बडोद्याचे मराठी वाडे आणावेत. गावोगावच्या मराठी वाचनालयांत संध्याकाळी सहानंतर खोल्या रिकाम्या असतात. निवृत्त प्राध्यापक आहेत, वकील आहेत, शिक्षिका आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी, सहा महिने, वयाची व गुणांची अट नाही, असा वर्ग येत्या जूनपासून सुरू करता येईल. पहिल्या आठवड्याचा गृहपाठ: घरात कोण कोणाला 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' म्हणतो, याची यादी करून आणा.