पुलगावचे कुंपण आणि १८८४ चा कायदा

३१ मे २०१६. मध्यरात्र उलटल्यानंतर वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारातील एका गोदामाने पेट घेतला. आत रणगाडाविरोधी सुरुंग होते. आगरगाव, नागझरी या गावांतील माणसे अंधारातच लेकराबाळांसह घराबाहेर पडली. आग शेजारच्या गोदामांपर्यंत पोचली नाही. त्याची किंमत १९ जणांनी प्राण देऊन मोजली. त्यांत दोन लष्करी अधिकारी होते, आणि अग्निशमन दलाचे जवान सर्वाधिक.

संशयाची सुई पुढे सुरुंगांतील टीएनटीकडे वळल्याचे प्रसिद्ध झाले. शुद्ध टीएनटी सुमारे ८० अंशांना वितळते. त्यात अशुद्धी राहिली असेल तर ती त्याहून कमी तापमानाला तेलकट द्रवाच्या रूपाने बाहेर झिरपते, आणि हा पाझर ज्वालाग्राही असतो. वर्ध्याचा मे महिना ४५ अंशांच्या आसपासचा. कारखान्यात राहिलेला दोष अशा उन्हाळ्यात वर्षानुवर्षे साठवला, तर तो गोदामातच वाढत राहतो.

अशा धोक्यापासून जनतेचे रक्षण करण्याचा सर्वांत जुना उपाय म्हणजे अंतर. १९०३ च्या संरक्षण-बांधकामविषयक कायद्याने लष्करी ठाण्यांभोवती २००० यार्डांपर्यंत बांधकामावर निर्बंध घालता येतात. जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहते, तिच्यावर घर मात्र उभे राहत नाही. उपाय कठोर आहे, पण शहाणपणाचा आहे. त्याची मर्यादा इतकीच की तो घरांना दूर ठेवतो. पोटासाठी कुंपणाच्या आत जाणाऱ्या माणसाला दूर ठेवू शकत नाही.

२० नोव्हेंबर २०१८ रोजी नेमके हेच दिसले. सोनेगाव (आबाजी) जवळच्या मैदानावर जुना दारूगोळा निकामी करण्याचे काम होते. सकाळी पेट्या उतरवताना स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यांत बहुतेक कंत्राटी मजूर. जागा लष्कराची, माल जबलपूरच्या खमरिया आयुध निर्माणीचा, माणसे कंत्राटदाराची. तीन धनी असलेल्या कामात जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मृतांच्या नातलगांनी कोणाला विचारावा?

उत्तरासाठी १८८४ च्या स्फोटके कायद्याकडे जावे लागते. तो राबवणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचे मुख्यालय शेजारच्याच नागपुरात आहे. परंतु कलम १४ ने सशस्त्र दले आणि आयुध निर्माण्या या कायद्यातून जवळजवळ पूर्णपणे वगळल्या आहेत. अपघाताची वर्दी आणि चौकशी यांसंबंधीची कलमे तेवढी त्यांना लागू राहतात. त्यातही कलम ९ मोठा भेद करते. इतरत्र स्फोटात माणूस दगावला, तर चौकशी करण्याचे कर्तव्य जिल्हा दंडाधिकाऱ्याचे. जागा सैन्याच्या ताब्यातील असली, तर चौकशी सैन्याचीच. एकाच जिल्ह्यातील दोन मजुरांच्या मृत्यूला असे दोन न्याय मिळतात, आणि ते कुंपणाच्या कोणत्या बाजूला पडले यावर ठरतात.

गुप्ततेचा युक्तिवाद येथे हमखास पुढे येतो, आणि तो पोकळ नाही. गोदामांचा नकाशा चव्हाट्यावर मांडावा असे कोणी म्हणणार नाही. पण १४ एप्रिल १९४४ आठवावा. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला. पोटात सुमारे १४०० टन स्फोटके, आणि त्यांच्याच सोबतीला कापसाच्या गाठी! महायुद्ध ऐन भरात होते, माल लष्करी होता, राज्य परक्यांचे होते. तरीही चौकशी आयोग बसला तो मुंबईच्या मुख्य न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली, आणि त्याचा अहवाल लोकांसमोर आला. परक्या सरकारने युद्धकाळात जे मान्य केले, ते स्वतंत्र देशाच्या शांतताकाळात जड का जावे?

मुलकी देखरेख म्हणजे अभयकवच नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरजवळ बाजारगावच्या खासगी स्फोटक कारखान्यात नऊ जण मृत्युमुखी पडले, आणि तेथे तर हा कायदा पूर्णपणे लागू होता. तिथली देखरेख अपुरी पडली असेल, तर ती कडक करावी. पुलगावला ती जवळपास नसावी, हा त्यातून निघणारा निष्कर्ष नव्हे.

त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. कलम ९-अ नुसार केंद्र सरकार मुख्य स्फोटके नियंत्रक किंवा अन्य सक्षम व्यक्ती नेमून अधिक औपचारिक चौकशी करवू शकते, आणि हे कलम सैन्याच्या जागांनाही लागू आहे. मात्र ते सरकारच्या मर्जीवर सोडलेले आहे. लष्करी जागेत मुलकी माणूस, मग तो रोजंदारीवरचा का असेना, स्फोटात मरण पावला तर ही चौकशी सक्तीची असावी आणि तिचा अहवाल, लष्करी तपशील गाळून, मराठीत त्याच्या ग्रामपंचायतीकडे पोचावा.