फांदी आमच्या घरावर, अर्ज मात्र मालकाचा

संपादक महोदय,


कुंपणाबाहेर आलेली फांदी तोडायचा हक्क शेजाऱ्याला थेट मिळाला पाहिजे, अशी मागणी करणारे पत्र आपल्या अंकात वाचले. पत्रलेखकांचा त्रास खरा आहे, मीही तो भोगला आहे. पण त्यांनी सुचवलेला उपाय झाडाच्या आणि माणसाच्याही जिवावर बेतणारा आहे, म्हणून हे लिहीत आहे.

आमचे घर उत्तर रत्नागिरीत, नगरपरिषदेच्या हद्दीत. गडग्यापलीकडे शेजाऱ्यांचा रायवळ आंबा आहे, साठ-सत्तर पावसाळे पाहिलेला. त्याची मांडीएवढी जाड फांदी गडगा ओलांडून आमच्या पडवीवर आली होती. पन्हळीत पाला साचायचा, भिंतीत ओल मुरायची. ते आम्ही चालवून घेतले, कारण उन्हाळ्यातली सावलीही त्याच झाडाची होती. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. आजूबाजूच्या माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, हा आंबा उभा राहिला. पण त्या फांदीच्या बेचक्यात चीर पडली. आधी तिच्यात नखही शिरत नव्हते, दोन पावसाळ्यांनंतर बोट जाऊ लागले.

मी नोव्हेंबरात अर्ज घेऊन कचेरीत गेलो. पावसाला सहा महिने होते. उत्तर मिळाले, "झाड तुमचं नाही, अर्ज मालकाने करायला हवा." मालक म्हणजे मिळकत पत्रिकेवरची आठ नावे. कोणी गिरगावात, कोणी डोंबिवलीत, एक जण बडोद्याला. घर उघडते ते गणपतीत आणि मे महिन्यात. थोरल्या काकांना फोन केला तर म्हणाले, "अरे, तूच तोड ना, माझी कसली हरकत?" पण तोंडी होकार कचेरीत चालत नाही, आणि चालू नये हेही बरोबरच आहे. पुढच्या जुलैत एका रात्री फांदी पडवीवर कोसळली. 27 कौले फुटली, दोन वासे मोडले. आई एरवी पडवीतच झोपते. त्या रात्री झड आत येत होती, म्हणून तिने अंथरूण माजघरात घेतले होते.

इतके होऊनही मी म्हणतो, कोयता माझ्या हाती देऊ नका.

पत्रलेखकांनी इंग्लंडचा दाखला दिला आहे. लेमन विरुद्ध वेब या जुन्या खटल्यात तिथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने शेजाऱ्याला हद्दीत आलेली फांदी तोडायची मुभा दिली, हे खरे. पण ती फांदी हद्दीपर्यंतच तोडायची, पलीकडे पाऊल टाकायचे नाही. आणि फांदी तोडली म्हणून तिच्यावरची फळे आपली होत नाहीत. शिवाय त्याच इंग्लंडात आज एखाद्या झाडाला संरक्षणाचा आदेश लागू असेल, तर त्याच्या फांदीसाठीही सहसा स्थानिक परिषदेची परवानगी घ्यावी लागते. आपल्याकडे शहरी भागासाठी 1975 चा झाडांचे संरक्षण व जतन करण्याचा कायदा आहे. त्यात झाड तोडणे म्हणजे केवळ बुंध्यावर घाव घालणे नव्हे. जाळणे, कापणे, कोणत्याही प्रकारे इजा करणे हे सारे त्यात येते. त्यामुळे परवानगीशिवाय फांदी छाटणाराही गुन्ह्याच्या कक्षेत येऊ शकतो. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळे स्थान दिले. आमच्या शेजारचा आंबा त्यातच बसतो, आणि बसावा.

हद्दीवर कोयता चालवला की काय होते, ते आमच्याच आळीत पाहिले आहे. एका गृहस्थांनी शेजारच्या फणसाच्या आपल्या बाजूच्या साऱ्या फांद्या गडग्याच्या रेषेत सरळ उतरवून घेतल्या. फांद्या खालून खाच न देता वरून तोडल्या, त्यामुळे प्रत्येक फांदी पडताना बुंध्याची साल हातभर सोलत गेली. जखमेला बोर्डो पेस्ट नाही, काही नाही. वर्षभरात तिथे भिरूड लागला, भुसा गळू लागला. सगळा भार उरला दुसऱ्या बाजूला. पुढच्या मृगात भिजलेल्या मातीतून मुळे उपटली आणि फणस मालकाच्याच गोठ्यावर आडवा झाला. हद्दीची रेष माणसाने आखलेली आहे, झाडाचा तोल त्या रेषेवर नसतो. फांदी कुठून काढायची आणि समोरची किती हलकी करायची, हे पुरे झाड बघूनच ठरवावे लागते, आणि त्यासाठी गडग्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहावे लागते.

म्हणून माझी मागणी वेगळी आहे. ज्याच्या छपरावर फांदी आली आहे, त्याचा अर्ज वृक्ष अधिकाऱ्यांनी त्याच्याच नावाने दाखल करून घ्यावा. मालकांना नोटीस जावी, त्यांना म्हणणे मांडायला मुदत मिळावी. पण आठांपैकी तिघांनी उत्तर दिले नाही म्हणून पाहणी अडू नये. पाहणी दोन्ही घरांसमक्ष व्हावी, आणि दिवाळीनंतर आलेल्या अर्जांचा निकाल मार्चच्या आत लागावा. छाटणी नगरपरिषदेच्या माहितगार माणसाने करावी. खर्च कोणी द्यायचा हा वाद नंतर मिटवता येतो. मी माझा अर्धा वाटा आजही द्यायला तयार आहे.

झाड पडून कोणाला इजा होण्याची शक्यता असेल, तर उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 133 होते, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 152 आहे. त्यात झाड काढा किंवा त्याला आधार द्या, असा हुकूम देता येतो. आधार द्या हा पर्याय कायद्यानेच ठेवला आहे, हे मला महत्त्वाचे वाटते. आमच्या फांदीला वेळेत दोन टेकू मिळाले असते, तरी तो पावसाळा निभावला असता. दिवाणी दावाही लावता येतो, पण त्याचा निकाल लागेपर्यंत चीर थांबत नाही.

सोय वेळेवर मिळाली नाही की माणसे काय करतात, हे कोकणात कोणाला सांगायला नको. रात्री खोडाला भोक पाडून हिंग भरला जातो, मुळाशी ॲसिड ओतले जाते. झाड वाळते, मग वाळले म्हणून तोडायची परवानगी मिळते. सरळ वाट बंद ठेवली तर हेच वाढेल. आणि हाती कोयता दिला, तर आमच्या आळीतल्या फणसासारखी झाडे गावोगाव पडतील.

त्या आंब्याची दुसरी फांदीही आता आमच्या बाजूला झुकू लागली आहे. तिला अजून चीर नाही. यंदा गणपतीत शेजारच्या घरी आरतीला गेलो, तेव्हा संमतीचा कागद बरोबर नेला होता. थोरल्या काकांनी चष्मा लावून तो पुरता वाचला आणि "झाड जगलं पाहिजे हो" म्हणत पहिली सही केली. पाच सह्या झाल्या. डोंबिवलीच्या दोन आणि बडोद्याची एक बाकी आहे.

आपला,
एक वाचक, जि. रत्नागिरी