गंगाधरपंतांना मोठ्या पडद्यावर आणा

गाजलेल्या विज्ञानकथांवर मराठीत चित्रपट काढा म्हटले, की दोन आक्षेप हमखास येतात. एक, एवढा पैसा आणायचा कुठून? दुसरा, पडद्यावर मूळ कथेची माती होते.

पहिला आक्षेप विज्ञानकथा म्हणजे यानांची लढाई, या समजुतीवर उभा आहे. गोदारने १९६५ साली ‘आल्फाव्हिल’मधले परके शहर पॅरिसच्याच रस्त्यांवर, वेगळे सेट न उभारता चित्रित केले. आपल्याकडे जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ घ्या. पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक मुंबईला निघतात आणि पोहोचतात अशा मुंबईत, जिच्या इतिहासात १७६१ ची लढाई मराठ्यांनी जिंकली आहे. विश्वासरावांना गोळी लागलीच नाही, हे त्यांना कळते ग्रंथालयातल्या एका पुस्तकातून! कथेचा कळसाध्याय वाचनाच्या टेबलावर घडतो. त्याला कसले आले कोट्यवधी?

स्थळेही हाताशी आहेत. स्वारगेटला एसटीचे गजबजलेले स्थानक आहे आणि सप्टेंबर २०२४ पासून जमिनीखाली मेट्रो धावते आहे. एसटीतून उतरलेले गंगाधरपंत भुयारी जिन्याने खाली गेले आणि दुसऱ्याच इतिहासात पोहोचले, हे दाखवायला पाट्या, पोशाख आणि ध्वनी बदलले तरी भागेल.

“पण मूळ कथेत तर रेल्वे आहे,” असे कोणी म्हणेल. हाच दुसरा आक्षेप. वेल्सच्या ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मधले मंगळवासी इंग्लंडमध्ये उतरतात, १९५३ च्या चित्रपटाने त्यांना कॅलिफोर्नियात उतरवले, तरी त्यांना संपवतात ते जंतूच. तारकोव्हस्कीचा ‘सोलारिस’ मूळ लेखक लेमला रुचला नव्हता. तरीही कादंबरी आणि चित्रपट दोन्ही आज अभिजात मानले जातात.

तेव्हा वाहन बदला, काळ बदला, गाव बदला. बदलू नये ती कारणमीमांसा. एका क्षणी घटना दोन वाटांनी जाऊ शकते, हा विचार नारळीकरांनी पुंजभौतिकीच्या आधाराने मांडला आहे. तो कापून नुसता विजयोत्सव दाखवला, तर मात्र कथेची माती खरोखरच होईल.

नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तले. त्यांच्या नावाने सभा पुष्कळ झाल्या. मराठी निर्मात्यांनो, आता त्यांची कथा हाती घ्या. आणि पटकथा लिहिताना एक भौतिकशास्त्रज्ञ शेजारी बसवा.