विज्ञानाची अनिश्चितता आणि भविष्याची खात्री

पालकांशी बोलताना एक प्रश्न वारंवार कानी येतो. हवामानाचे अंदाज चुकतात, डॉक्टरांची मते बदलतात, काल पौष्टिक ठरलेला पदार्थ आज अपायकारक ठरतो. मग एकट्या ज्योतिषालाच नावे का ठेवायची? ‘ती अंधश्रद्धा आहे’ एवढ्या उत्तराने हा प्रश्न मिटत नाही, कारण विचारणाऱ्याच्या पाठीशी अनुभव असतो. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, कल्याण या वालधुनीकाठच्या वस्त्यांना २६ जुलै २००५ चा पूर विसरता येणार नाही. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. एवढ्या पावसाची पूर्वसूचना मात्र कोणालाही मिळाली नव्हती.

हे अपयश नाकारण्याचे कारण नाही. पण पुढे काय घडले तेही पाहावे. त्याच दिवशी त्याच शहरातील कुलाब्यात जेमतेम ७५ मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. काही कोसांवर एवढा फरक का पडला, याचा अभ्यास झाला. काही वर्षांनी मुंबईत डॉप्लर रडार बसले. म्हणजे अंदाज चुकल्याची नोंद झाली, ती आकड्यांत झाली आणि तिच्यातून पद्धत बदलली. याउलट पंचांग उघडा. नक्षत्राचे वाहन हत्ती, म्हैस किंवा बेडूक असले की पाऊस चांगला, असे तेथे सांगितलेले असते. कोणत्या गावात, किती मिलिमीटर, हे मात्र सांगितलेले नसते. त्यामुळे पाऊस कोसळला तरी पंचांग खरे आणि रिमझिमला तरी खरे. जे विधान कोणत्याही परिस्थितीत चुकूच शकत नाही, ते आपल्याला वास्तविक काही सांगतही नाही.

ज्योतिषाला असे मोजून विधान करण्याची संधी महाराष्ट्रात एकदा दिली गेली. डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये पुण्यात एक चाचणी घेतली. शंभर हुशार विद्यार्थी आणि शंभर मतिमंद मुले अशा दोनशे जणांच्या कुंडल्या तयार केल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतील चाळीस कुंडल्या दिल्या. मूल हुशार की मतिमंद, एवढेच कुंडलीवरून ओळखायचे होते. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठविली. नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी चाळिसांपैकी वीसच्या आसपास बरोबर आली असती. सर्वांत यशस्वी ज्योतिषाची चोवीस बरोबर आली. सत्तावीस जणांत एखाद्याला एवढे यश निव्वळ योगायोगानेही मिळू शकते. सर्वांची सरासरी निम्म्याहून किंचित कमीच भरली. एका संस्थेने दोनशेच्या दोनशे कुंडल्या तपासल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर होती. ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात २००९ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

या चाचणीची मर्यादाही सांगितली पाहिजे. तिने ज्योतिषाचा एकच दावा तपासला, सगळे दावे नव्हेत. परंतु दावा आधी स्पष्ट करावा, हरणे-जिंकणे कशाने ठरेल ते आधी मान्य करावे, ही शिस्त तिने घालून दिली. एखादे शास्त्र अशा निकालानंतर आपले नियम पुन्हा तपासून पाहते. कुंडलीचे नियम मात्र जसे होते तसेच राहिले.

येथे कोणी म्हणेल की, नारळीकर स्वतःही बहुमताच्या विरुद्धच होते. ते खरे आहे. विश्व एका महास्फोटातून निर्माण झाले, हे मत बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांनी स्वीकारल्यानंतरही नारळीकरांनी फ्रेड हॉइल यांच्यासह पर्यायी सिद्धांत मांडला आणि तो अखेरपर्यंत सोडला नाही. मग त्यांना अवैज्ञानिक का म्हणायचे नाही? कारण त्यांनी तो निरीक्षणांच्या कसोटीला लावला, टीकाकारांना गणिताने उत्तरे दिली आणि प्रतिकूल पुराव्याची दखल घेऊन त्यात फेरबदल केले. अल्पमतात असणे हा विज्ञानात गुन्हा नाही. कसोटी टाळणे हा आहे.

इतिहासाच्या क्षेत्रात हीच वृत्ती बाबासाहेबांच्या ‘द अनटचेबल्स’ या १९४८ च्या ग्रंथात दिसते. नाकाच्या व डोक्याच्या मोजमापांवरून जातींचे वंश ठरविणारी विद्या त्या काळी शास्त्र म्हणून मिरवत होती. बाबासाहेबांनी तीच मोजमापे हाती घेतली आणि ब्राह्मण व अस्पृश्य हे भिन्न वंशांचे ठरत नाहीत, हे दाखवून दिले. त्यानंतर अस्पृश्यतेच्या उगमाविषयी स्वतःचा सिद्धांत मांडताना प्रस्तावनेत त्यांनी स्पष्ट केले की, हा अखेरचा शब्द आहे असा आपला दावा नाही. तूर्त ग्राह्य धरता येईल असे गृहीतक म्हणून वाचकांनी त्याचा विचार करावा. ज्या प्रश्नात कोट्यवधी लोकांचा अपमान गुंतलेला होता, त्या प्रश्नावरही त्यांनी पुराव्यापेक्षा मोठी खात्री मिरविली नाही.

आपण त्यांचे अनुयायी. म्हणून हा निकष आधी आपल्या घराला लावला पाहिजे. लग्न विहारात लावायचे आणि त्याआधी गुपचूप पत्रिका जुळवून घ्यायची, हे आपल्या वस्त्यांतही घडते. आधुनिक विज्ञानाने शोधलेले सर्व काही तथागतांनी आधीच सांगितले होते, असे व्यासपीठावरून ठासून सांगणारे वक्तेही आपल्यात आहेत. परंपरेने आले, ग्रंथात आहे, गुरूने सांगितले, एवढ्यावरून स्वीकारू नका, असे बुद्धांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले. तो उपदेश मुख्यतः आचरणाविषयी होता. त्यात अणुशास्त्र शोधणे हा बुद्धांचा गौरव नव्हे. धम्माचे मोठेपण सिद्ध करण्यासाठी खोट्या दाखल्याची गरज पडू नये.

निवासी शाळेत हा विषय अधिकच जवळचा होतो. आपल्या मागच्या पिढीतील कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून आहे. खरी तारीख घरी कोणी टिपून ठेवली नव्हती. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिली तीच पुढे कायम झाली. त्यांच्या कुंडल्या मांडणेच अशक्य होते, आणि ‘यांच्या नशिबात विद्या नाही’ हे भाकीत तर समाजाने जन्मापूर्वीच करून ठेवले होते. ते खोटे ठरले, ते फळा, दिवा आणि वसतिगृहातील दोन वेळचे जेवण मिळाल्यामुळे.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ५१-क ने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य मानले आहे. ते पाळण्यासाठी प्रयोगशाळाच हवी असे नाही. कोणी खात्रीने काही सांगू लागला की मुलांनी नम्रपणे एवढेच विचारावे: ‘काय दिसले तर तुम्ही आपले म्हणणे मागे घ्याल?’ हा प्रश्न ज्योतिषाला विचारावा, पुढाऱ्याला विचारावा आणि वर्गात आम्हा शिक्षकांनाही विचारावा. तो विचारणाऱ्या मुलाला उद्धट न म्हणणे, हे आपले, मोठ्यांचे काम आहे.