फुकट ते पौष्टिक? जपानी करी आणि तीनशे ग्रॅम भात



मागच्या महिन्यात एक तरुण तपासणीला आला. वय ३४, मूळचा पुण्याचा, दोन वर्षांपासून कंपनीच्या कामासाठी टोकियोत. सुट्टीवर घरी आला आणि आईने पहिलं माझ्याकडे धाडलं. जाताना त्याची एचबीएवनसी ५.९ होती, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आता ७.४. वजन सात किलोंनी वाढलेलं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहिण्यासाठी त्याची परवानगी घेतली आहे.) रिपोर्ट टेबलावर ठेवून तो जे बोलला, त्यामुळे आजचा लेख लिहायला बसलो.

"डॉक्टर, मी तर जपानी जेवण जेवतो. पिझ्झा-बर्गरला हातही लावत नाही."

जपानी म्हणजे नक्की काय, असं विचारल्यावर कळलं की आठवड्यातले चार-पाच दिवस दुपारचं जेवण स्टेशनजवळच्या करीच्या दुकानात. का? तर बाकीचं जेवण सपक लागतं, करी-भात त्यातल्या त्यात आपल्यासारखा लागतो. "आणि दुपारी मोठा भात फुकट असतो ना!"

मंडळी, माझं भांडण आहे ते या शेवटच्या वाक्याशी.

'जपानी लोक दीर्घायुषी, म्हणून जपानी पदार्थ आरोग्यदायी' हा फॉरवर्ड तुमच्याही फोनवर आला असेल. जपानी माणूस सरासरीने जास्त जगतो, हे खरं. तिथे लठ्ठ माणसं कमी दिसतात, हेही खरं. पण त्याचं श्रेय मासे, भाज्या, सोयाबीन, भरपूर चालणं, छोट्या वाट्या आणि नियमित तपासण्या यांना जातं. २००८ सालापासून तिथे ४० ते ७४ वयाच्या लोकांची दरवर्षी तपासणी होते आणि तीत टेप लावून कंबर मोजतात. पुरुषांची ८५ सेंटिमीटरच्या वर गेली की कान टोचायला माणूस येतो! या सगळ्याचं प्रशस्तिपत्र करी-भाताच्या ताटाला चिकटवू नका. जपानी आजी रोज दुपारी कात्सू करी खाऊन नव्वदीला पोचलेली नाही.

मुलीकडे टोकियोला गेलो होतो तेव्हा अशा एका दुकानात मीही जेवलो आहे. दाराशीच तिकिटाचं यंत्र. पैसे टाका, फोटोवरचं बटण दाबा, चिठ्ठी काउंटरवर ठेवा. दहा-बारा खुर्च्या, सगळे एकेकटे जेवणारे, कुणी कुणाशी बोलत नाही. पाच मिनिटांत लांबट ताट समोर येतं: अर्ध्या भागात चिकट पांढऱ्या भाताचा डोंगर, अर्ध्या भागात तपकिरी, दाट, किंचित गोडसर रस्सा, आणि भातावर आडवा ठेवलेला, पट्ट्या कापलेला तळलेला कटलेट. बाजूला लाल रंगाच्या गोड लोणच्याची बरणी, हवं तेवढं घ्या. खायला चमचा. खोटं कशाला बोलू, चव झकास होती. माझ्या शेजारचा कोट घातलेला गृहस्थ माझा निम्मा भात व्हायच्या आत ताट संपवून गेलासुद्धा. तिथे गमतीने म्हणतातच की करी हे पेय आहे, म्हणजे चावायची गरज नाही, ओतायचं. भराभर जेवणं आणि वाढतं वजन यांचा संबंध जपानमधल्याच अभ्यासांत दिसलेला आहे, हे जाता जाता सांगतो.

आता हिशेब. जपानमधल्या सर्वांत मोठ्या करी साखळीचं, म्हणजे १९७८ साली नागोया भागात सुरू झालेल्या कोको इचिबान्याचं उदाहरण घेऊ. तिथे अनेक वर्षं नेहमीचा भात म्हणजे शिजलेला ३०० ग्रॅम, असा हिशेब होता. त्यात जवळपास ११० ग्रॅम कार्बोहायड्रेट आणि साधारण ४७० कॅलरी. ३० ग्रॅम कणकेची एक पोळी धरली, तर हा झाला पाच पोळ्यांचा ऐवज. आणि हा 'नेहमीचा' भात. माझा पेशंट मोठा घ्यायचा, म्हणजे ४०० ग्रॅमच्या आसपास. साडेसहा-सात पोळ्या! एका बैठकीत सात पोळ्या खाल्ल्या, तर त्याच्या आईने त्याच दिवशी मला फोन केला असता. भात डोंगरासारखा असला तरी आपल्याला तो 'एक प्लेट' दिसतो, आणि एक प्लेट म्हणजे एकच.

वरून तो रस्सा. आपल्या आमटीला दाटपणा डाळीने येतो, मटणाच्या रश्श्याला कांदा-खोबऱ्याने. जपानी करीला तो येतो मैदा आणि चरबी एकत्र परतून. किराणा दुकानात जो चॉकलेटच्या वडीसारखा करीचा ठोकळा मिळतो तो म्हणजे मैदा, घट्ट तेल किंवा प्राण्याची चरबी, मीठ, साखर आणि मसाला. म्हणजे भातावर आपण पातळ केलेला मैदाच ओतून घेतो. भारतीय क्रांतिकारक रासबिहारी बोस १९१५ साली जपानला निसटले आणि टोकियोतल्या नाकामुराया या बेकरीच्या मालकांचे जावई झाले. याच नाकामुरायात १९२७ साली त्यांच्यामुळे भारतीय पद्धतीची, मैद्याशिवायची करी मिळू लागली, आणि ती आजही मिळते. असो, तो वेगळा विषय.

शाकाहारी वाचकांसाठी एक सूचना इथेच देतो. 'व्हेजिटेबल करी' असं लिहिलेलं असलं म्हणजे रस्सा शाकाहारी असतोच असं नाही. बऱ्याच ठोकळ्यांत गाय-डुकराची चरबी असते आणि रस्सा मांसाच्या स्टॉकवर बनतो. वर तरंगणारं वांगं-भेंडी पाहून फसू नका, विचारा. ज्यांना सिलिअ‍ॅक आजार आहे, म्हणजे गहू चालत नाही, त्यांनी तर हा रस्सा टाळावाच.

आणि मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. करीच्या एका ताटात दोन-तीन ग्रॅम सहज जातं, लोणचं वेगळं. रस्सा गोडसर असल्यामुळे ते जिभेला कळत नाही. ब्लड प्रेशरची गोळी घेणाऱ्यांनी बरणीकडे हात नेण्याआधी हे आठवावं.

आता तुम्ही विचाराल, आणि ओपीडीत प्रत्येक जण विचारतोच: "डॉक्टर, तिखट किती चालेल?" या दुकानांत तिखटाच्या पायऱ्या असतात, एक, दोन, पाच, दहा. आपली माणसं तिथे विचार करतात, मित्राला विचारतात, पैजा लावतात. अहो, अल्सर तिखटाने होत नाही. तो मुख्यतः एच. पायलोरी नावाच्या जंतूमुळे आणि वेदनाशामक गोळ्यांमुळे होतो. ज्यांना छातीत जळजळ होते किंवा मूळव्याध-फिशरचा त्रास आहे, त्यांना तिखट बाधेल, त्यांनी खालची पायरी घ्यावी. बाकीच्यांसाठी तिखटाचा प्रश्न म्हणजे नुसती करमणूक. त्याच मेन्यूवर दुसरा प्रश्न छापलेला असतो, भात किती ग्रॅम, आणि त्याचं उत्तर आपण डोळे मिटून देतो. फुकट आहे ना, मग मोठा!

पांढऱ्या भाताच्या लाडाची जपानने स्वतः केवढी किंमत मोजली आहे, ते ऐका. एकोणिसाव्या शतकात जपानी नौदलात बेरीबेरीने माणसं मरत होती. पाय सुजायचे, चालता यायचं नाही, हृदय थकायचं. १८८२ च्या अखेरीस निघालेल्या 'र्‍यूजो' या जहाजावर ३७६ जणांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाला आणि २५ जण दगावले. लंडनला शिकून आलेले नौदलाचे डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांना संशय आला तो जेवणाचा, कारण पोटभर पॉलिश केलेला भात आणि बाकी नावापुरतं, असा खलाशांचा आहार होता. १८८४ मध्ये त्यांनी 'त्सुकुबा' जहाज त्याच मार्गाने पाठवलं, पण मांस, भाज्या, गहू-बार्ली वाढवून. आजारी पडले ते मोजके, बेरीबेरीने मेलं कुणीच नाही. ताकाकींना वाटलं हा प्रथिनांचा प्रश्न आहे. खरा गुन्हेगार होता बी-१ जीवनसत्त्वाचा अभाव, ते पुढे कळलं. पण उपाय बरोबर निघाला. आणि लष्कराचे डॉक्टर? त्यांना ते पटेना. भात हा सैनिकाचा मान, तो कसा कमी करायचा? रशियाबरोबरच्या १९०४-०५ च्या युद्धात जपानी लष्कराचे सुमारे २७ हजार सैनिक बेरीबेरीने गेले. गोळीने नव्हे, ताटातल्या पांढऱ्या भाताने.

करी-भात याच नौदलाच्या जहाजांवरही शिजायचा. ती करी भारतातून थेट गेलेली नाही, इंग्रजांच्या हातून मैदा लावून गेली. १९०८ च्या नौदलाच्या पाककृतीच्या पुस्तकात ती छापलेली आहे, आणि आजही जपानच्या सागरी दलात दर शुक्रवारी करी असते. म्हणजे ज्या काळात नौदलाचे डॉक्टर भाताचं प्रमाण कमी करून ताटात मांस-भाजी वाढवत होते, त्याच काळातला हा पदार्थ. आणि आज आपण त्याच पदार्थात भात वाढवून मागतो, तोही फुकट म्हणून.

इथे मला माझ्या व्यवसायबंधूंनाही दोन शब्द सुनावायचे आहेत. पेशंट परदेशात एकटा राहतो, रात्री नऊला घरी पोचतो, आणि आपण कागदावर लिहून देतो 'बाहेरचं बंद, भात बंद'. हा सल्ला नाही, जबाबदारी झटकणं आहे. तो तीन दिवस पाळतो, चौथ्या दिवशी दुकानात जातो आणि पुढच्या खेपेला आपल्याशी खोटं बोलतो. मीही अनेक वर्षं हेच लिहीत होतो, कबूल करतो. खरं तर ज्या दुकानात भात ग्रॅममध्ये मागता येतो, तिथे मधुमेही माणूस जेवू शकतो. आपल्या किती हॉटेलांत ही सोय आहे? आपल्याकडे 'अनलिमिटेड थाळी' अशी पाटी लागते आणि वाढपी नको म्हटलं तरी भाताचं भांडं ताटावर धरतो. 'भात किती ग्रॅम देऊ?' असं विचारणारं एक हॉटेल मला पुण्यात दाखवा, मी स्वखर्चाने तुम्हाला जेवायला नेतो.

त्या तरुणाला मी करी बंद करायला सांगितलं नाही. आठवड्यातून एकदा जा, म्हटलं. भात १५० ग्रॅम, फार तर २००. तळलेल्या कटलेटऐवजी उकडलेलं अंडं, भाज्या किंवा न तळलेलं चिकन. कोबीचं सॅलड मिळतं ते आधी संपवायचं आणि मग भाताला हात लावायचा, म्हणजे जेवणानंतरची शुगर कमी उसळते. चमचा मधूनमधून खाली ठेवायचा. आणि जेवण झाल्यावर एक स्टेशन पायी. त्याचं वजन केवळ करीने वाढलं, असंही मी म्हणत नाही. रात्रीची बीअर आणि पाच तासांची झोप त्याच्या यादीत होतीच, पण तो भाग आम्ही दोघांनी आईसमोर जरा आवाज खाली आणून बोललो.

एक सावधगिरी मात्र सगळ्यांसाठी. तुम्ही इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असाल, तर हा लेख वाचून उद्या एकदम भात निम्मा करू नका. औषधाचा डोस तोच राहिला आणि भात गेला, तर शुगर धोकादायक खाली येऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटणं ही त्याची लक्षणं. आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला, मग ताट बदला.

निघताना तो म्हणाला, "पण सर, कमी भात मागायला लाज वाटते." म्हणून माझ्या मुलीला विचारून एक वाक्य त्याच्या केसपेपरवर लिहून दिलं: 'गोहान सुकुनामे दे.' भात कमी. शेवटचा 'दे' आपल्या 'दे' सारखाच ऐकू येतो, त्यामुळे विसरायचा प्रश्न नाही. परवा त्याचा मेसेज आला. काउंटरवरच्या बाईंनी एक शब्दही न बोलता मान हलवली आणि कमी भात दिला. कुणी वळूनही पाहिलं नाही. लाल लोणचं मात्र दोनदा घेतलं, म्हणे. एचबीएवनसी तीन महिन्यांनी आहे.