वादळदेवतेच्या दारी

क्योतो नगरीत शिजो मार्गाच्या पूर्व टोकाला यासाका देवस्थानाचे शेंदरी महाद्वार उभे आहे. आत येणारा दर्शनार्थी दोर हलवून घंटा वाजवितो, दोनदा मस्तक नमवितो, दोनदा टाळी वाजवितो आणि पुन्हा एकदा नमन करतो. येथील आराध्य सुसानोओ, सूर्यदेवी अमातेरासूचा बंधू आणि वादळाचा अधिपती. उद्दामपणापायी स्वर्गातून हद्दपार झालेल्या या देवाने पुढे आठ मस्तकांच्या सर्पाचा वध करून एका कन्येचे प्राण वाचविले, अशी कथा इ.स. ७१२ च्या ‘कोजिकी’त आहे.

पूर्वी येथे गोझू तेन्नो, म्हणजे वृषभमुखी देवराज, या नावाने पूजा चाले. हा देव श्रावस्तीच्या जेतवन विहाराचा रक्षक मानला जाई. ‘गिओन’ हे या परिसराचे नावही जेतवनाच्याच जपानी नावावरून आले. १८६८ मध्ये मेइजी शासनाने शिंतो आणि बौद्ध उपासना विलग करण्याचे फर्मान काढले. गोझू तेन्नोचे नाव पुसले गेले, देवस्थानाचेही नाव बदलले. उत्सवाचे ‘गिओन’ हे नाव मात्र लोकांनी सोडले नाही.

हा उत्सव संकटातूनच जन्मला. ८६९ मध्ये रोगराई शमावी म्हणून देशातील ६६ प्रांतांचे ६६ भाले उभारून देवाची आळवणी करण्यात आली. १४६७ च्या ओनिन युद्धाने खंड पाडला. १५०० मध्ये नागरिकांनी रथ पुन्हा ओढले. १५३३ मध्ये शोगुनशाहीने देवस्थानाचे विधी थांबविले, तेव्हा विधी नसले तरी रथयात्रा होऊ द्यावी, असा आग्रह आळ्याआळ्यांनी धरला. १८२६ च्या वादळी पावसात मोडलेला ‘ताकायामा’ रथ तर तब्बल १९६ वर्षांनी, २०२२ मध्ये मिरवणुकीत परतला.

त्याआधीची दोन वर्षे कोरोनामुळे मिरवणूक निघाली नव्हती. तरीही २०२१ मध्ये काही आळ्यांनी रथ उभारले. खिळ्यांवाचून केवळ दोरांनी रथाचा सांगाडा बांधण्याची विद्या हाताबाहेर जाऊ नये, एवढाच हेतू होता. मिरवायचे नव्हते, शिकवायचे होते.

परंपरेचे मर्म येथे आहे. प्राचीनतेचा अभिमान बाळगणे सोपे असते. परंतु अभिमानाने रथ उभा राहत नाही. वडीलधाऱ्यांनी दोराची गाठ शिकवावी आणि तरुणांनी ती शिकावी, तेव्हाच तो उभा राहतो. युद्ध, अग्नी, राजाज्ञा आणि महामारी यांतून गिओनचा उत्सव तरला, तो अशा हातांमुळे. वादळाच्या देवाची याहून उचित पूजा कोणती?